तुमची भरमार आणि माझी सही

अहो, तुमच्या फोटोला हार घालायला जो येतो, तो आधी बंदुकीकडे बघतो. मग आठवण झाल्यासारखं तुमच्याकडे. हात जोडतो तेही कोणाला जोडतो, मला कळत नाही.

तुमच्या लाडक्या नातवाचं हे काम. तुम्हाला नदीवर पोचवून आलो, आंघोळी झाल्या, आणि अक्षयने ती बंदूक लोखंडी पेटीतून काढून तुमच्या फोटोच्या वर दोन खिळ्यांवर आडवी टांगली. मी म्हटलं, "काढ ते धूड तथून." तर म्हणतो, "आजी, आबाची ओळख हाय ते." मी म्हटलं, "आबाची ओळख मले नोको सांगू, त्याईचे बनियन धुतले म्या." हसला नाही. आताची पोरं दुःखात हसत नाहीत. त्यांना वाटतं कोणीतरी व्हिडिओ काढतंय.

पोलीस पाटील येऊन गेले. म्हणाले, परवाना बापूरावांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला, आता तेरवी झाली की बंदूक ठाण्यात जमा करा. मात्र वारसांपैकी कोणाला हवी असेल तर अर्ज करता येतो, बाकीच्यांनी संमती द्यायची. अक्षयला हवी. आपल्या विलासने लेकासाठी संमती देऊन टाकली. त्याला जन्मापासून कोणाशी वाकडं नको असतं. राहिले मी. कागद तुमच्या दिव्याशेजारी चौरंगावर ठेवलाय, वर पेन. येता-जाता मला दिसावा म्हणून. मी अजून सही केलेली नाही. घरातल्यांना वाटतं म्हातारी हट्टाला पेटली. पण हे भांडण त्यांचं नाहीच, आपल्या दोघांचं आहे, आणि तुम्ही ते अर्ध्यावर टाकून निघून गेलात. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

खरं सांगू? मला तिची किळस येते. भीती कधीच वाटली नाही, आणि राग आता दमला. किळस मात्र ताजी आहे. तुमच्या बारुदीचा तो सडक्या अंड्याचा वास नळीत घर करून बसलाय. हवा दमट झाली की भिंतीवरून खाली उतरतो, उदबत्त्यांना जुमानत नाही. लोक तुमच्या आठवणीने डोळे पुसतात आणि मी पदर नाकाला लावून बसते. त्यांना वाटतं रडतेय.

आता तुम्ही म्हणाल, म्हणायचेच, "लगन झालं तवा तर मोठी नाचत होती!" नाचत होते. त्या पोरीचं काय करावं मला खरंच कळत नाही. अमडापूरची, सातवी पास, दोन वेण्या, आणि मधल्या भांगाखाली नुसता भुसा. पहिल्यांदा माहेरी गेली तर बाजारात जी बाई भेटेल तिला सांगत सुटली, "आमच्या घरी बंदूक हाय." कोणी विचारलं नव्हतं हो. बाई वांगे निवडत होती बिचारी.

आणि बंदूक तरी कुठे होती? होती ती नळी. मामंजींना पीकसंरक्षणासाठी मिळालेली भरमार, तोंडाकडून ठासून भरायची, एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. तिचा दस्ता वाळवीने खाल्लेला, घोडा मोडलेला, चाप गंजून बसलेला. नळीवर सरकारी नंबर होता, तेवढा शाबूत. परवाना तुमच्या नावावर झाला तसं तुम्ही ठरवलं, बाकीची बंदूक आपण घरी करायची. दुरुस्तीवाला होता की बुलढाण्याला, नियमाने त्याच्याकडेच न्यायला हवी होती. पण बापूराव दुसऱ्याकडून बंदूक करून आणणार? मान खाली गेली असती ना! मग काय, भंगारवाल्याच्या ढिगात बसून तुकडे निवडायचे, घरी आणायचे, ओसरीवर पोतं अंथरून घासायचे.

दस्त्याला शिसम हवं होतं. गावात शिसम कुठलं? पण होतं की, माझ्या बापाने आंदण दिलेल्या पलंगात. एक दिवस मी वावरातून आले तर पलंगाची डोक्याकडची फळी गायब, आणि तुम्ही ओसरीवर बसून ती तासताय. शहाणी बाई असती तर त्या पावलीच माहेरी निघाली असती. ही बावळट तुमच्याजवळ बसली, रंध्याखालच्या सालपटांचा वास घेतला आणि म्हणाली, "माह्या बापाच्या लाकडाले मान भेटला जी!" जी म्हणाली वर. त्या पलंगाला पुन्हा डोकं आलं नाही. झोपेत उशी मागे पडायची आणि सकाळी मी पलंगाखाली शिरून काढायची. पहिलं वर्ष तर मी ती कौतुकाने काढली. असली मूर्ख मुलगी मी सून म्हणून घरात घेतली नसती.

तुमच्या कानशीच्या आवाजाने आख्ख्या गल्लीचे दात आंबायचे. ही म्हणायची, मला तो आवाज बासरीसारखा वाटतो. बासरी! लोखंडाचा किस उडून पिठात जायचा. एकदा सासूबाईंच्या दाढेखाली आला. त्या ओरडल्या, "सून आनली का लोहार?" भाकरी माझी, किस तुमचा, आणि शिव्या मला. तरी मी पदराआड हसत होते. आज आठवून बघते, त्यात हसण्यासारखं होतं तरी काय?

किळस तेव्हा नव्हती. ती जमत गेली, चुलीमागच्या भिंतीवर काजळी जमते तशी. पहिला थर दुधाच्या गंजाचा, आपल्या रोजच्या पातेल्याचा. त्या गंजात तुम्ही चरबी वितळवली, लोखंडाला चोळायला की लाकडाला, तुमचं तुम्हाला माहीत. मी गंज राखेने घासला, चिंचेने घासला, उन्हात पालथा ठेवला. दूध तापवलं की वर तवंग. शेवटी तो कोंबड्यांच्या पाण्याला दिला, तर कोंबड्याही तोंड लावेनात. तुम्ही म्हणालात, "कोंबड्याईले काय समजते?" मला वाटतं त्या घरात समजणाऱ्या तेवढ्याच होत्या.

आता ते लिहिते. तुम्ही होतात तेव्हा विषय निघाला की तुम्ही चपला शोधायला लागायचे. आता कुठे जाल?

ज्वारी हुरड्यावर आली होती. बांधाकडचा पट्टा डुकरांनी पार लोळवला होता आणि मीच तुम्हाला म्हटलं होतं, "नुसती घासता काय, एखांदं मारा." मला ज्वारी हवी होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ज्याच्या वावरात डुकरं शिरतात त्याने दयेची भाषणं करू नयेत. रात्री वावरात बार काढलात, आणि सकाळी तुम्ही आणि गणपत भाऊजी, तुमचा धाकटा भाऊ, बल्लीला उलटी बांधून डुकरीण आणलीत आणि अंगणात टाकलीत. गाव गोळा झालं. मोताळ्याहून फोटोवाला बोलावला. तुम्ही तिच्या मानेवर पाय ठेवून उभे राहिलात, मला शेजारी उभं केलंत आणि बंदूक माझ्या हातात दिलीत. विलासच्या वेळचा सातवा महिना होता मला. त्या फोटोत ती अमडापूरची पोरगी पोट पुढे काढून, नळी आभाळाकडे करून, दात काढून हसतेय. अक्षयने तो फोटो मोबाईलमध्ये घेतलाय. येईल त्याला दाखवतो, "आजी पाहा, काय डॅशिंग!"

फोटो झाल्यावर तिला फाडली. आत पिल्लं होती. ओळीने, तुरीच्या शेंगेत दाणे असतात तशी. अंगावर पट्टेसुद्धा उमटले होते.

गणपत भाऊजी म्हणाले, "वा रे दादा, एका बारात आख्खं खानदान!" लोक हसले. तुम्हीही हसलात. मी तुमच्याच तोंडाकडे बघत होते म्हणून सांगते. जरा उशिरा हसलात, पण हसलात. मी गोठ्यामागे जाऊन ओकले. बायका म्हणाल्या, दिवस असले की होते असं.

संध्याकाळी मी विचारलं, "गाभन होती, दिसलं नाई काय तुमाले?"

"अंधारात काय दिसते, वच्छे?"

"मंग सकाळी हासले काऊन? सकाळी तर दिसत होतं."

तुम्ही चिलमीच्या राखेकडे बघत म्हणालात, "सारे हासत होते."

एवढंच. या उत्तरावर मी सारा संसार बसून काढला, कोंबडी अंड्यावर बसते तशी. काही निघालं नाही त्यातून. मटण त्या दिवशी साऱ्या गावाने खाल्लं. मी तेव्हापासून खाल्लं नाही. तुम्ही लोकांना सांगायचे, "हिनं माळ घातली." देवाच्या नावावर खपवलंत. देवाला काय, त्याच्या नावावर पुष्कळ खपतं.

पुढे तुम्ही जनावर मारलं नाही हे खरं. लोक म्हणायचे कायदा कडक झाला. तुम्ही म्हणायचे, डोळ्याला दिसत नाही पहिल्यासारखं. मला वेगळं वाटायचं. काय वाटायचं ते आता सांगून उपयोग नाही. एकदा तुम्ही नुसतं म्हणाला असतात की, वच्छे, त्या दिवसाचं माझ्याही पोटात आहे, तर मी तुमच्याबद्दल काहीतरी बरं समजून घेतलं असतं. तेवढीही संधी दिली नाहीत मला. बारांनी तुमचा उजवा कान गेला. डॉक्टर म्हणाला एक कान गेला, आणि तुम्ही तोच नेमका माझ्यासाठी राखून ठेवलात. मी तोंड उघडलं की मान वळायची आणि उजवी बाजू समोर यायची.

मारणं थांबलं, पण घडवणं काही थांबलं नाही. हेच मला उमगलं नाही कधी. दरवर्षी नवरात्र आलं की ती उकलायची. घोडा नीट बसत नाही, नवा करा. चाप कडक लागतो, पुन्हा घासा. नळी तेवढी मामंजींची. बाकीची बंदूक तुम्ही किती वेळा मोडली आणि किती वेळा केली, तुम्हालाही आठवत नसेल. दसऱ्याला पाटावर ठेवायची, झेंडूची फुलं, हळद-कुंकू, आणि त्याआधी नदीवर जाऊन हवेत एक बार काढून बघायचा. झालं. मग पुन्हा पेटीत. ज्या बंदुकीने काहीच करायचं नाही ती इतकी नीट कशाला करायची? मी विचारलं की उजवा कान.

शेवटच्या वर्षात तर अक्षयने तुम्हाला मोबाईलचं वेड लावलं. परदेशातले लोक बघायचे दोघं. त्यांच्याकडे म्हणे असल्या जुन्या पद्धतीच्या एकबारी बंदुका सुट्या भागांच्या डब्यात मिळतात. लाकूड, लोखंड, पितळ, सगळं कापडात गुंडाळलेलं. गोरे म्हातारे चष्मे लावून, मागे गाणं लावून, सुट्टीच्या दिवशी आपल्या पडवीत जोडत बसलेले. तुम्ही लहान मुलासारखे हरखलात. "पाह्य वं वच्छे, तथी लोकं छंद म्हनून करतात! मले येडा म्हनत होती तू!"

मी म्हटलं, "त्याईच्या बायकाईले दाखवा. बायका काऊन दिसत नाईत एकाही व्हिडिओत?"

अक्षय हसला. तुम्हीही हसलात. त्या वेळी मात्र उशीर केला नाहीत.

आता मी एक बरं लिहिते, नाहीतर वाचणारा म्हणेल हिने नवऱ्याला तेरवीच्या आधीच चुलीत घातला. तुमचे हात सोन्याचे होते. उरल्यासुरल्या पट्टीतून तुम्ही मला एक सांडशी करून दिलीत. ती उकळत्या गंजावरून कधी घसरली नाही. माझा हात मोडला, प्लास्टरात गळ्यात बांधलेला, सून माहेरी, तेव्हा माझी वेणी तुम्ही घातलीत. रोज सकाळी, ओसरीवर, लाज न धरता. केस तीन भागांत इतके सारखे वाटायचे की एक बट इकडची तिकडे नाही. पीळ घट्ट, शेवटाला गाठ बारीक. विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "कोनं घातली वं येनी?" मी म्हणायची, "बंदुकीवाल्यानं." त्या दिवसांत मला कळलं की तुमच्या बोटांना माया येते. आणि तेव्हाच मला सगळ्यात जास्त चीड आली. असे हात, आणि लावले कुठे!

आता परवाच्या दहाव्याचं सांगते. तुम्ही तिथे होतात की नाही माहीत नाही. असाल तर माझ्यासारखेच हसला असाल.

नदीवरच्या ओट्यावर पिंड ठेवले. माणसं मागे सरली, वर बाभळींवर कावळे हारीने बसलेले, आणि खाली एकही उतरेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. विलास म्हणाला, "बाबा, आईले सांभाळतो." कावळा नाही. माझ्या नावावर कावळा हलला नाही, हे मी लक्षात ठेवलंय बरं का. कोणी म्हणालं वावराचं भांडण होऊ देणार नाही, कोणी म्हणालं मारुतीच्या पाराला फरशी बसवू. ऊन चढलं. एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून भाताकडे बघायला लागला. आणि नेमकी तेव्हाच गणपत भाऊजींना अक्कल सुचली. "दादाचा जीव बंदुकीत हाय! आना तिले!"

अक्षयने गाडी पळवली. आला तो भरमार घेऊन. पिंडासमोर उभा राहिला, दोन्ही हातांनी ती डोक्याच्या वर धरली आणि रडत म्हणाला, "आबा, माह्या नावावर करतो! जीवापाड जपतो!"

तो खालच्या फांदीवरचा कावळा किंचाळला हो. एक उडाला, दहा उडाले, बाभळी रिकाम्या झाल्या. नदीपलीकडच्या आंब्यावरचेही उठले. आभाळात काव काव, आणि खाली सगळे तोंड वासून वर बघताहेत.

दर दसऱ्याला तुम्ही बार काढायचे ती जागा तीच. त्याच ओट्याशेजारी उभे राहून, त्याच बाभळींवरून. कावळ्यांच्या पिढ्या ती नळी ओळखतात. ज्याला बोलवायचं त्याच्यावर रोखलेली वस्तू दाखवून हे लोक म्हणतात, ये बाबा, जेव!

मी हसले. अहो, काय करू, मी कडुनिंबाखाली बायकांत बसले होते आणि मला ते आवरेना. दहाव्याला विधवा हसतेय, लोकांनी माना वळवल्या. मी ओरडले, "अरे येड्याहो, घरी नेऊन ठेवा तिले आधी! मंग पाहा कसे येतात!" शेजारची म्हणाली, "दुखानं डोक्यावर परिनाम झाला बाईच्या." गणपत भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा रुसला, अन् तुमी हासता?" शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. गवताच्या कावळ्याला बंदुकीची भीती नव्हती.

पण त्या दिवसापासून गावात झालं पक्कं. बापूरावांना कावळा शिवला नाही, जीव बंदुकीत अडकला, आणि म्हातारी सही करत नाही. दोन दिवस कोणी ना कोणी येऊन बसतंय. गणपत भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा लटकून राह्यला वरतं." मी म्हटलं, "लटकून तर बंदूक राह्यली भाऊजी, भितीवर." त्यांना मी उत्तरं देऊ शकते. पण काल अक्षय माझ्या पायाशी येऊन बसला, तोंड सुजलेलं, आणि म्हणाला, "आजी, आबा तडफडून राह्यला अन् तुले काईच नाई वाटत?"

 रात्रभर... जाऊ द्या. मी शहाणी म्हणवते, कावळे का उडाले मला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं, आणि तुम्ही खरंच कुठे तहानलेले अडकला असाल तर, हे मनात येणं वेगळं. आज सकाळी मी पेन उचललं होतं. उद्या बघू.

लिहायचं मध्येच राहिलं. तेरवी झाली, माणसं पांगली. पुढचं आता लिहिते.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी खरंच सही करायला बसले होते. अक्षयचे दोस्त ओसरीवर होते. त्यांना दिसलं आजी पेन घेऊन बसली, तसे उठून भोवती आले. एकाने मोबाईल धरला. अक्षय म्हणाला, "आजी, पयला बार आबाच्या नावानं!"

"कायच्यावर?" मी विचारलं.

"डुकरावर! लय झाले हायत मक्यात. परवानगी काढतो, समदं रीतसर. आबाचा फोटो, तुहा तो बंदुकीवाला फोटो, अन् मंग बार. आजी, काय रील होईन!"

"एका बारात दोन पाडजो बे," दोस्त म्हणाला. सगळे हसले.

मी टोपण लावलं.

पोरं गेल्यावर अक्षयला जवळ बसवलं आणि तुमच्या माघारी तुमची चुगली केली. त्या फोटोत नसलेलं सगळं सांगितलं. शेंगेत दाणे असतात तशी, हेही. तो आधी म्हणाला, "आजी, ते जुनं झालं आता."  मग नखाने पायाची कातडी सोलत बसला, तुमचीच खोड. आणि विचारलं, "मंग आबा हासले काऊन?"

अहो, मी हादरले. हा प्रश्न या घरात दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी ऐकला नव्हता. माझ्या पोराने नाही विचारला, तुमच्या भावाने नाही. वाटलं, आता आजोबांची बाजू सावरावी. म्हणावं, नव्हते हसले. म्हणावं, मनातून रडत होते. तुम्ही मला तसं काही देऊन गेला असतात तर मी ते त्याला दिलं असतं, आनंदाने दिलं असतं. पण माझ्याजवळ जे होतं तेच दिलं.

म्हटलं, "सारे हासत होते."

त्याने दारातून ओसरीकडे पाहिलं, जिथे दोस्त उभे होते तिकडे.  उठून आत गेला. जेवलाही नाही. माझ्याशी बोलणं बंद. दोन दिवसांनी सकाळी त्यानेच ती खिळ्यांवरून काढली, चादरीत गुंडाळली आणि म्हणाला, "चाल. जमा करून येऊ." रागातच होता. पटलं म्हणून आला असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही समजू नका. विलासलाही सोबत घेतलं, वारस म्हणून. तो येताना म्हणाला, "आई, तू म्हनशील तसं." हे वाक्य त्याने लहानपणापासून तुम्हालाही ऐकवलंय आणि मलाही.

ठाण्यात एका तरुण पोलिसाने ती टेबलावर घेतली, नंबर जुळवला, मग उगाच दस्त्यावरून हात फिरवला, घोडा निरखला. "आजी, काम बाकी एक नंबर हाय. कोनं केलं?"

"आमच्याईनं," मी म्हटलं. "घरी बसून. समदी."

माझ्या आवाजात अभिमान होता. मलाच ऐकू आला, आणि मलाच माझी किळस आली. ती दोन वेण्यांची पोरगी अजून मेली नाही म्हणायची. ठाण्यात जाऊन वांगेवाल्या बाईला सांगतेय, आमच्या घरी बंदूक हाय. मी लगेच म्हटलं, "आता मोडून टाका तिले. कोनालेच नोको. तसं लिहा." त्याने मायलेकरांकडे एकदा बघून घेतलं, लिहिलं. मी सही केली. तुमच्या दिव्याशेजारच्या कागदावर नाही, या कागदावर. सातवी पास बाईची सही, सावकाश, मात्रा-वेलांटीसकट.

परतताना विलास एसटीने पुढे गेला आणि मी अक्षयला गाडी नदीकडे घ्यायला लावली. पिशवीत बेसनाच्या पातोड्या होत्या, भात होता. सकाळीच केला होता, कोणाला न सांगता. ओट्यावर पान मांडलं. गुरुजी नाहीत, गाव नाही. मी तुम्हाला म्हटलं, "दिली. मोडाले दिली. राग आला असंल तर नोका शिवू. मी आनखी काई कबूल करनार नाई."

मी पूर्ण वळलेही नव्हते. पंखांचा आवाज झाला.

अक्षय गाडीपाशी उभा होता. "आजी," हळूच म्हणाला, "आला."

"भूक लागली असंन."

"कोनाले? आबाले की कावयाले?"

"दोघाईले," मी म्हटलं. तो हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

गावात हे मी सांगितलं नाही. म्हणतील, म्हातारीने स्वतःच्या सोयीचा कावळा आणला. म्हणोत. तो कावळा तुम्ही होतात असं मीही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पातोडीला कोण नाही म्हणतं?

घरी येईपर्यंत गाडीवर मागे बसून मी तुम्हाला सगळं पुन्हा सुनावलं, मनातल्या मनात, डुकरिणीपासून ठाण्यापर्यंत, मध्ये श्वास न घेता. तुम्ही मान वळवली नाहीत, चपला शोधल्या नाहीत. ज्याच्यासाठी जन्मभर भांडले तो शेवटचा शब्द असा आयता माझ्या हातात आला. घरापर्यंत आणला खरा. ओसरीवर बसले आहे तो घेऊन, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.